ठाणे ते नागपूर समृद्धीवरून, सोबत अडीच वर्षांची मुलगी : नियोजन कसं करावं?

वाघबीळ_नाका
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घोडबंदर रोडवरून नागपूरला गाडीने जायचं आहे. पेट्रोल हॅचबॅक, मागच्या सीटला आयसोफिक्स (मुलाची कारसीट अडकवायच्या कड्या) आहे. माणसं चार: आम्ही दोघं, सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात) आणि मुलगी. मुलीचं वजन साडेबारा किलो, उंची ८९ सेंमी, दुपारची झोप १ ते ३. घाटात तिला गाडी लागते. गाडी आम्ही दोघंही चालवतो.
विचारायचं हे: एका दिवसात जावं की मुक्काम करावा? कारसीट कोणती आणि कुठे बसवावी? समृद्धीवर खाण्यापिण्याची आणि शू-शीची सोय कशी धरून चालावी? औषधं कोणती न्यावीत?

वऱ्हाडी_ऐरोलीत
आधी रस्त्याचं सांगतो. आमणे (भिवंडीजवळ) ते नागपूर हा ७०१ किमीचा पूर्ण मार्ग ५ जून २०२५ पासून खुला आहे. शेवटचा उघडलेला ७६ किमीचा इगतपुरी-आमणे टप्पा ठाणेकरांच्या सगळ्यात कामाचा, कारण त्याने कसारा घाट टळतो. तिथे सुमारे आठ किमीचा जोडबोगदा आहे. गाडी लागणाऱ्या मुलांना याचा खूप फायदा होतो, कारण घाटातली वळणं राहतच नाहीत. चढ मात्र आहेच, त्यामुळे कान दडतात. आमणे सोडल्यावर मूल जागं असेल तर इगतपुरीपर्यंत दर दहा मिनिटांनी पाण्याचा एक घोट द्यायचा, कान मोकळे राहतात.

ठाण्यातून माजिवडा, खारेगाव, मानकोली, रांजणोली, वडपे असं जाऊन आमणे. घोडबंदरवरून कशेळी-अंजूरफाटा हा रस्ता नकाशावर जवळचा दिसला तरी घेऊ नका, गोदामांचे ट्रक तिथे दिवसरात्र असतात. नवी मुंबईकरांनी शिळफाटा-मुंब्रा बायपास घ्यायचा की ऐरोलीवरून ठाण्यात शिरायचं हे निघण्याच्या वेळी नकाशा बघूनच ठरवावं. बायपासवर उरणच्या बंदरातले कंटेनर असतात आणि एक बंद पडला की तासभर हलायला जागा नसते.

पहाटे पाचच्या आसपास निघालात तर आमण्यापर्यंतचा भाग सुसह्य असतो. सातनंतर निघालात तर मुलाची पहिली चिडचिड मानकोलीलाच सुरू होईल आणि पुढचा सगळा दिवस त्याच सुरात जाईल.

टोलचं: एप्रिल २०२५ पासूनच्या दराने कारला पूर्ण अंतराचे १,४४५ रुपये, म्हणजे किलोमीटरला २.०६. फास्टॅगचा वार्षिक पास इथे चालत नाही, तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे आणि समृद्धी राज्याचा रस्ता आहे. खात्यात दोन हजार तरी ठेवा आणि टॅग चालू आहे ना हे आठवडाभर आधी तपासा.

वाघबीळ_नाका
मध्येच एखाद्या इंटरचेंजला बाहेर पडलो तर टोल दोनदा लागतो का?

वऱ्हाडी_ऐरोलीत
नाही, आणि लहान मूल सोबत असेल तर ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. चढताना नोंद होते आणि उतरताना तेवढ्याच अंतराचे पैसे कापले जातात. जालन्याला उतरून तासाभराने परत चढलात तरी एकूण रक्कम जवळपास तीच राहते. म्हणून ‘थांबायचं तर समृद्धीवरच’ असा हट्ट धरू नका. मार्गावरचे पंप आणि खाण्याच्या जागा दूरदूर आहेत आणि सगळ्या सारख्या चांगल्या नाहीत. इंटरचेंजला उतरून गावाकडे पाच-दहा किमी गेलं की साधं पोळी-भाजीचं जेवण, स्वच्छ बाथरूम आणि मुलाला पळायला जागा तिन्ही मिळतात.

पट्टा_आधी
कारसीटवर सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाचा विचार सोडा, वजनाचं गणित बघा. ताशी ५० किमी वेगातली गाडी धडकेत एक दशांश सेकंदात थांबली, तर साडेबारा किलोचं मूल धरून ठेवायला जवळपास पावणेदोनशे किलोचा जोर लागतो. आजीच्या काय, कोणाच्याच हातात तो नसतो. समृद्धीवर वेग याच्या दुप्पट असतो.

तुमच्या मुलीच्या मापाला दोन पर्याय आहेत. जुन्या आर४४ या युरोपीय सुरक्षा मानकाची, ९ ते १८ किलो गटाची, पाच पट्ट्यांची, पुढे तोंड असलेली सीट. किंवा आर१२९ मानकाची, उंचीवर चालणारी सीट, यातल्या बऱ्याच १०५ सेंमीपर्यंत मागे तोंड करून वापरता येतात. मागे तोंड केलेली सीट मान आणि डोक्यासाठी जास्त सुरक्षित, आणि ८९ सेंमीच्या मुलीला ती अजून पुष्कळ दिवस पुरेल. मात्र जुन्या मानकातल्या, तान्ह्या बाळांच्या गट ०+ च्या सीटची मर्यादा १३ किलो असते. तुमच्याकडे ती असेल तर आता बदला.

बसवताना: गादी आणि पाठ यांच्या फटीत २८ सेंमी अंतरावर दोन लोखंडी कड्या असतात, सीटचे दोन्ही हात त्यात खटकन बसले पाहिजेत आणि दोन्हीकडचे निशाण हिरवे दिसले पाहिजे. तेवढ्यावर थांबायचं नाही. तिसरा आधार असतोच, वरचा पट्टा किंवा खाली पाय. वरचा पट्टा सीटच्या पाठीमागच्या खास हुकात अडकवायचा, डिकीत सामान बांधायच्या हुकात नाही. दोन्ही सारखे दिसतात म्हणून मॅन्युअल उघडून खात्री करा. सीटला पाय असेल तर तो ठाम जमिनीवर टेकला पाहिजे. काही गाड्यांत पायाखाली झाकणाचा कप्पा असतो, त्यावर टेकवला तर धडकेत झाकण फुटतं.

बसवून झाल्यावर जिथे सीट गाडीला जोडली आहे तिथे धरून हलवा. अडीच सेंमीपेक्षा जास्त हलता कामा नये. मुलगी बसल्यावर खांद्याच्या पट्ट्याची उभी चिमट घेऊन बघा. चिमटीत पट्टा आला तर सैल आहे. पुढे तोंड असेल तर पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून, मागे तोंड असेल तर खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत.

डिसेंबर आहे म्हणून हे खास. जाड जॅकेट किंवा फुगीर स्वेटर घालून पट्टे आवळू नका. धडकेत कापूस दबतो आणि पट्टा चार बोटं सैल पडतो. पातळ कपड्यांत पट्टे आवळा आणि वरून शाल किंवा उलटं जॅकेट पांघरा. विदर्भातली पहाट ठाण्याच्या मानाने फार थंड असते, तेव्हा पांघरूण हाताशीच ठेवा.

सीट महिनाभर आधी घ्या आणि रोज बसवा, वाघबीळ ते तलावपाळी एवढी फेरीसुद्धा चालेल. प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा बांधलेलं मूल पट्ट्यालाच शत्रू मानतं.

खारघर_सेक्टर_वीस
सीट डावीकडे की उजवीकडे? आणि आजींना कुठे बसवायचं?

पट्टा_आधी
डावीकडे. पहिलं कारण, मूल गाडीतून काढताना आपण रहदारीकडे पाठ करून उभे राहत नाही. दुसरं, डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि नागपूरला जाताना दक्षिण आपल्या उजव्या हाताला येते, म्हणजे दिवसभर ऊन उजव्या खिडकीतून. परतीला हेच उलटं होतं, तेव्हा डाव्या खिडकीला काढता-घालता येणारी जाळी हवी. काळी फिल्म नको.

आजी पुढे, चालकाशेजारी. दार मोठं उघडतं, गुडघे पसरता येतात. हॅचबॅकच्या मागच्या सीटवर कारसीट आणि दोन मोठी माणसं बसवली की मधल्याचा पट्टा लागतच नाही. आई मुलीच्या शेजारी, मागे उजवीकडे, स्वतःचा पट्टा लावून. मुलीची सीट मागे तोंड करून बसवणार असाल तर आजींची सीट किती मागे सरकते ते आधी बघून घ्या. नाही पटलं तर आई पुढे आणि आजी मागे उजवीकडे. पण मग मुलाला पाणी-खाणं द्यायला गाडी थांबवावीच लागेल.

बालरोग_पाचपाखाडी
औषधांवर लिहितो. मात्रा स्वतःच्या डॉक्टरांकडून मुलीच्या वजनानुसार कागदावर लिहून घ्याच, इथलं वाचून देऊ नका. त्यामागचं तत्त्व मात्र माहीत असायला हवं.

पॅरासिटामॉल साधारणपणे दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास. आपल्याकडे हे औषध तीन तीव्रतांत मिळतं आणि घोळ तिथेच होतो. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम म्हणजे ५ मिलीत १२० असलेल्या सिरपचे ७.५ मिली, ५ मिलीत २५० असलेल्याचे ३.६ मिली, आणि १ मिलीत १०० असलेल्या थेंबांचे फक्त १.८ मिली. घरातली बाटली संपली म्हणून वाटेत दुसरी घेतली आणि मात्रा जुनीच दिली, तर डोस दुप्पट किंवा चौपट होतो. घरची, डोस माहीत असलेली बाटली आणि तिचंच माप सोबत घ्या. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका.

गाडी लागणं: दोन वर्षांच्या आत फार क्वचित, त्यानंतर बारा वर्षांपर्यंत सर्रास. डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे आणि कानातला तोल सांगतो की हलतंय, त्यातून मळमळ होते. म्हणून मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक बंद, नजर लांब. मागे तोंड असलेल्या सीटवर काही मुलांना जास्त त्रास होतो, तेव्हा आधी अर्ध्या तासाच्या फेऱ्या मारून बघा. पोट अगदी रिकामं नको आणि भरलेलंही नको. निघण्याआधी तासभर थोडंसं कोरडं खाणं. गाडीत अत्तर किंवा सुगंधी डबी नको. मूल जांभया देऊ लागलं, लाळ गिळू लागलं, गप्प होऊन पांढरं पडलं की पाचेक मिनिटांत उलटी येणार असं समजा. त्याच वेळी काच थोडी खाली करा आणि पिशवी हातात घ्या.

औषध द्यायचं तर डॉक्टरांनी लिहिलेलंच. प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली देत नाहीत. त्याहून मोठ्या मुलांनाही काहींना गाढ गुंगी येते तर काही उलट चेकाळतात, म्हणून एक डोस आधी घरी देऊन बघायचा. नेहमीचं उलटीचं औषध, ऑन्डॅनसेट्रॉन, गाडी लागण्यावर फारसं उपयोगी नाही. आणि कृपा करून झोप लागावी म्हणून सर्दीचं सिरप पाजू नका. त्यातल्या क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिन मिश्रणावर चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला, त्याला कारण आहे.

जुलाब-उलट्यांसाठी ओआरएसची पुडी. पुडीवर २०० मिली लिहिलं असेल तर २०० मिली, १ लिटर लिहिलं असेल तर १ लिटर पाणी; अर्धी पुडी अंदाजाने घालू नका, क्षारांचं प्रमाण बिघडतं. कागदी खोक्यातली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, साखरेने जुलाब वाढतात. बाकी थर्मामीटर, नाकात घालायचं सलाईन, डायपरच्या पुरळाचं मलम आणि चिकटपट्ट्या एवढं पुरे.

एकदम_नागपूर
मी एका दिवसाच्या बाजूने आहे. चारला निघा, मूल सातपर्यंत झोपलेलं असतं, तोवर शिर्डीच्या आसपास पोचता. पुढे दोन-तीन थांबे घेतले तरी दुपारी तीन-चारला नागपूर. मुक्काम म्हटला की हॉटेल, सामान उतरवणं, अनोळखी खोलीत मुलाची झोप मोडणं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच आवराआवर. दोन चालक आहेत, रस्ता सरळ आहे.

वऱ्हाडी_ऐरोलीत
सामान उतरवायचा त्रास मान्य. पण रस्ता सरळ आहे हीच समृद्धीची अडचण आहे. तासन्‌तास एकच दृश्य, हात हलवायला वळण नाही, आणि चालकाचे डोळे उघडे असून मन झोपतं. चारला निघायचं तर तीनला उठावं लागतं, आणि लहान मुलाच्या घरात कोणाची झोप आदल्या रात्री पुरी झालेली असते? दुसरा चालक मागे मुलीशी खेळत असतो, तो विश्रांती घेत नसतो. कागदावर चालक दोन, पण मूल जागं आहे तोवर गाडी एकटाच ओढत असतो.

शिवाय नुसतं चाकावरचं अंतर सात-आठ तासांचं. अडीच वर्षांच्या मुलाला पट्ट्यात सलग दोन तासांपलीकडे ठेवू नये, म्हणजे किमान तीन-चार मोठे थांबे, म्हणजे दहा-अकरा तास. आजींचे गुडघे विसरू नका. मूल सहा वर्षांचं असतं तर मीही एका दिवसाचंच सांगितलं असतं.

एकदम_नागपूर
मूल जागं असताना दुसरा चालक विश्रांती घेत नाही, हा मुद्दा पटला. या कुटुंबासाठी मुक्कामच बरा.

सानपाडा_डबा
खाण्याचं. मुख्य नियम: चालत्या गाडीत मुलीला शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न, गोळ्या-चिक्की काहीही नाही. घशात अडकलं तर मागच्या सीटवरून कळायलाच वेळ लागतो आणि ताशी शंभरने जाणारी गाडी लगेच थांबत नाही. द्राक्षं द्यायची तर थांब्यावर, उभे चार तुकडे करून. गाडीत द्यायचंच झालं तर मऊसर, तोंडात विरघळणारं: केळ्याचे तुकडे, उकडलेलं रताळं, दशमीचे छोटे घास.

दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या आणि बाजरीचे धपाटे थंडीत दुसऱ्या दिवशीही चांगले राहतात. दही घातलेले धपाटे पहिल्याच दिवशी संपवा. भात आणि खिचडी पहाटे करून डब्यात कोमट ठेवून दुपारी भरवू नका. शिजलेल्या भातात तेवढ्या वेळात जंतू वाढतात आणि पुन्हा गरम केल्यावरही त्यांचं विष जात नाही. त्याऐवजी चांगल्या थर्मासमध्ये एक लिटर उकळतं पाणी घ्या. लाह्यांचं पीठ तीन मोठे चमचे, चिरलेला गूळ एक चमचा, वेलची चिमूटभर, असं एका वेळेचं मिश्रण छोट्या डब्यांत भरून ठेवा. १५० मिली गरम पाणी घालून दोन मिनिटं झाकलं की खीर तयार. गोड नको असेल तर गुळाऐवजी मीठ-जिरेपूड आणि वरून तूप. नाचणी सत्त्वाचं मात्र असं होत नाही. ते गॅसवर शिजवावं लागतं, नुसत्या गरम पाण्यात कच्चं राहतं आणि पोट बिघडतं.

दुधासाठी २०० मिलीची टेट्रापॅक खोकी. फोडलं की तेव्हाच संपवायचं, उरलेलं पुढच्या थांब्यापर्यंत ठेवायचं नाही. थांबे धरून दहा तासांच्या प्रवासाला घरचं पाणी पाच लिटर, हात धुवायचं वेगळं.

शू-शी: समृद्धीच्या कडेला गाडी थांबवायचा विचारच करू नका. घडीची पॉटी सोबत घ्या, तिला पिशवीचं अस्तर लावा आणि तळाशी एक उघडलेला डायपर पसरा. सगळं शोषलं जातं, पिशवीला गाठ मारली की झालं. ती पंपावर किंवा इंटरचेंजबाहेर डिकी उघडून वापरायची. मुलीचा डायपर नुकताच सुटला असेल तरी प्रवासाच्या दोन दिवसांत घालायला हरकत नाही, तिला फक्त ‘गाडीची चड्डी’ असं वेगळं नाव सांगा. रोज सहा धरा.

उलटीची पिशवी: कडक तोंडाच्या चार-पाच पिशव्या, जुना टॉवेल, ओले पुसणे आणि मुलीचा कपड्यांचा एक पूर्ण जोड. हे पुढच्या सीटच्या मागच्या खिशात. डिकीतल्या बॅगेत गेलं की वेळेवर मिळत नाही. आईचाही एक कुडता ठेवा.

पट्टा_आधी
त्यात एक भर. कारसीटचं कापड काढून धुता येतं, पण पट्टे साबणात भिजवू नका आणि मशीनमध्ये घालू नका, धाग्यांची ताकद जाते. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवायचे. कापड काढायचं-घालायचं घरी एकदा करून बघा, नाहीतर पट्टा पिळलेला राहतो.

कळवा_गॅरेज
गाडीचं काम दहा-बारा दिवस आधी करून घ्या, आदल्या दिवशी नाही. नवीन बसवलेला भाग बिघडायचा असेल तर घोडबंदरला बिघडू दे.

सगळ्यात महत्त्वाचे टायर. समृद्धीवर टायर फुटतात त्याला काँक्रीटला दोष देतात, पण बऱ्याचदा मूळ कारण कमी हवा हे असतं. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्यातून उष्णता तयार होते, आणि शहरात पन्नासच्या वेगाने जे टायर वर्षभर चाललं ते शंभर-एकशेवीसला तासभर सलग पळवलं की आतले थर सुटतात. चालकाच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकर असतो, त्यात चार माणसं आणि सामान यासाठी वेगळा आकडा दिलेला असतो. तोच भरा, सकाळी, टायर थंड असताना. गरम टायरचा आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा काढू नका. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील, कडेला बारीक भेगा दिसत असतील, तर नक्षी शिल्लक असली तरी बदला. स्टेपनीची हवा सगळे विसरतात.

कारची मर्यादा १२० आहे, पण तुम्ही १०० वर ठेवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, १०० वरून १२० ला गेलात की तो ४४ टक्के जास्त. संभाजीनगर ते नागपूर या सवाचारशे किमीत वाचतात फार तर चाळीसेक मिनिटं, आणि तेवढी एका चिडलेल्या थांब्यात जातात.

डिकीत जड बॅगा तळाला, सीटच्या पाठीला टेकवून. मागच्या काचेखालच्या फळीवर काहीही ठेवू नका. जॅक आणि त्रिकोण सामानाखाली गाडले जाऊ देऊ नका.

गाडी बंद पडलीच तर क्रम पाठ असू द्या. चारी दिवे लावा, डाव्या पट्टीत शक्य तितकं कडेला घ्या, सगळ्यांनी डाव्या दारांनी उतरा, मुलीला कडेवर घेऊन कठड्यापलीकडे जा, आणि गाडीच्या मागच्या बाजूला, येणाऱ्या वाहनांच्या दिशेने, काही अंतर चालून उभे राहा. गाडीला कोणी धडकलं तर ती पुढे ढकलली जाते. मग फोन ११२ किंवा १०८. गाडीत बसून मदतीची वाट बघायची नाही, थंडी असली तरी. मुलीची सीट डावीकडे असल्याचा फायदा इथेही आहे.

वाघबीळ_नाका
सगळ्यांचे आभार. यावरून आराखडा असा केला आहे, चुकत असेल तर सांगा.
सोमवार: ५ ला मुलीला झोपेतच सीटमध्ये, ५:४५ आमणे, साडेसातच्या सुमारास शिर्डी इंटरचेंजला उतरून नाश्ता, पाऊण तास. साडेनऊ-दहाला माळीवाड्याला उतरून संभाजीनगर. दुपारी झोप. मुक्काम.
मंगळवार: सकाळी वेरूळ बघून १२ ला निघायचं, सहापर्यंत नागपूर.

खारघर_सेक्टर_वीस
मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. (अजिंठा सोमवारी.) सोमवारी दुपारची झोप झाल्यावर चारला वेरूळ करा, माळीवाड्यापासून फार लांब नाही. सोळाव्या क्रमांकाचं कैलास लेणं आणि शेजारची एक-दोन एवढंच ठेवा. बाबागाडी तिथे निरुपयोगी, पायऱ्या आणि खडक आहेत. मुलीला अंगाला बांधायची झोळी न्या. आजींना कैलासच्या अंगणापर्यंत जाता येईल.

वऱ्हाडी_ऐरोलीत
दुसऱ्या दिवसाचा क्रमही बदला. १२ ला निघालात तर मुलीची झोप लागेपर्यंत जेवणाचा गोंधळ, आणि तीनला ती जागी होईल तेव्हा अजून निम्मा रस्ता बाकी असेल. शेवटचा टप्पा झोपेत जायला हवा. आठला निघा. सव्वानऊच्या सुमारास सिंदखेडराजाला उतरा. जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजी जाधवांचा राजवाडा आहे. मुलीला पाऊण तास पळू द्या, आजींना टेकायला मिळेल. (१२ जानेवारीला जयंतीची प्रचंड गर्दी असते, तुमच्या तारखांना ती नाही.) तिथून पावणेदोन तासांत कारंजा, बाराला जेवण, आरामात. एकला पोट भरलेली, दमलेली मुलगी सीटमध्ये. राहिलेले सुमारे दोनशे किमी तिच्या झोपेत पार पडतील, तीन-साडेतीनला नागपूर.
लोणार सरोवर मेहकरवरून जवळ आहे, पण या फेरीत घालू नका. खाली उतरायची वाट लहान मुलाला आणि गुडघ्यांना दोन्हींना जड आहे.

वाघबीळ_नाका
तारखा तशाच ठेवून वेरूळ सोमवारी घेतलं. झोप लागायच्या वेळी तिला आईचा हात लागतो, तेव्हा एक ते तीन गाडी बाबा चालवतील. परतीलाही संभाजीनगरलाच मुक्काम ठेवू का?

वऱ्हाडी_ऐरोलीत
ठेवा, पण दुसऱ्या दिवशी संभाजीनगरहून साडेनऊ-दहाला निघा. ठाण्यात शिरताना खारेगाव-माजिवड्याला संध्याकाळी पाचनंतर अडकायचं नसेल तर दोन-अडीचला आमणे सुटलं पाहिजे. दुपारी उतरणीला सूर्य समोर डावीकडे येतो. मुलीच्या खिडकीची जाळी इगतपुरीच्या आधीच लावून घ्या, आणि बोगद्यातून बाहेर पडताना डोळे दिपतात म्हणून चालकाने गॉगल हाताशी ठेवावा. मूल जागं असेल तर उतरतानाही पाण्याचे घोट चालू ठेवा, चढापेक्षा उताराला कान जास्त दडतात.